अ‍ॅसिडने नळाची लाइन मोकळी होत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक निरोप सारखा फिरतोय: "गेटपासून टाकीपर्यंतच्या जुन्या लोखंडी पाइपात क्षार साठतात. दोन लिटर अ‍ॅसिड ओता, पाइप नवा होईल. बदलायचाच असेल तर अर्ध्या इंचाच्या जागी अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) टाका, फुटभर खोदाई पुरे, पाणी दुप्पट येईल. जुना पाइप भंगारात घाला." यातलं जवळपास प्रत्येक वाक्य घरमालकाला खड्ड्यात घालणारं आहे.

क्षारांपासून सुरुवात करू. पुण्यात येणारं खडकवासला धरणाचं पाणी मुळात मऊ. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर ही बोअरच्या पाण्याची करणी. नळाच्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपात वाढतात त्या गंजाच्या गाठी: आतलं जस्त संपलं की लोखंड गंजतं आणि गाठीखालीच पत्रा सगळ्यात पातळ होतो. अ‍ॅसिड गाठ विरघळवतं, तसंच उरलंसुरलं जस्त आणि पत्राही खातं. कित्येकदा ती गाठच भोकाचं बूच असते. ती गेली की जमिनीखाली गळती सुरू. शिवाय पुण्यात बऱ्याच भागांत पाणी ठरावीक वेळीच येतं. पुरवठा बंद असताना मुख्य लाइन रिकामी होते आणि ओतलेलं अ‍ॅसिड फेरूलमधून (मुख्य लाइनवर घराची लाइन जोडणाऱ्या तोटीतून) उलटं तिकडे, म्हणजे शेजाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात, जाऊ शकतं.

खोदण्याआधी एक बादली पुरते. पाण्याच्या वेळेत मीटरजवळचा जोड उघडून २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा, मग बॉल कॉक काढून टाकीच्या तोंडाशी मोजा. मीटरजवळ जोर आणि टाकीत करंगळीएवढी धार, तर पाइप गेला. दोन्हीकडे धार बारीक असेल तर आधी मीटरची जाळी साफ करा. तरी फरक नसेल तर फेरूल किंवा तिथून मीटरपर्यंतचा पाइप तुंबलाय किंवा मुळातच दाब कमी आहे. फेरूल आणि रस्त्याची खोदाई महापालिकेच्या परवानगीने, परवानाधारक प्लंबरकडूनच.

आता "अर्ध्याला अर्धा". अर्धा इंची मध्यम जीआय, म्हणजे निळ्या पट्ट्याचा, आतून साधारण १६ मिमी असतो. अर्धा इंची एसडीआर ११ (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट) सीपीव्हीसी आतून जेमतेम साडेबारा. तेवढ्याच पाण्याला घर्षणात जाणारा दाब दुपटीहून जास्त! नवा पाइप टाकूनही धार बारीक झाली, तर कारण बहुधा हेच. त्यात सीपीव्हीसी तीन मीटरच्या नळ्यांत येतो, दर नळीला सोल्युशनचा जोड, आणि काळ्या मातीत जमीन फुगते-आकसते तेव्हा ताण येतो तो जोडांवरच. त्याचा खरा गुण गरम पाणी सोसण्याचा, तो इथे वाया.

जमिनीखाली २५ मिमी एचडीपीई (काळा, लवचिक प्लास्टिक पाइप) घ्या, आतून सुमारे २० मिमी. गुंडाळीत येतो, मीटरपासून टाकीपर्यंत मध्ये एकही जोड लागत नाही. याहून मोठा घेऊन फारसं हाती लागत नाही, कारण मग फेरूलच आडवा येतो. मात्र उन्हात तापलेला पाइप लगेच जोडू नका. २० मीटर लांबी २५ अंशांनी थंड झाली की आठ-नऊ सेंटिमीटर आखडते आणि टोक कॉम्प्रेशन फिटिंगमधून (आवळून बसवायच्या जोडातून) निसटतं. चरात थोडा नागमोडी टाका, थंड होऊ द्या, मग जोडा. टोक काटकोनात कापून कड तासा, नाहीतर आतली रबरी रिंग कापली जाते.

फुटभर खोली बागेच्या कडेलाही कमीच. दोन फूट धरा, गाडी फिरते तिथे अडीच. खाली चार इंच आणि वर सहा इंच वाळू, मगच मुरूम. मुरमातला टोकदार दगड पाइपावर थेट बसला की तिथेच घाव. ड्रेनेजची लाइन ओलांडताना पाणी वरून, निदान फूटभर अंतर ठेवून.

चर बुजवण्याआधी हाताच्या टेस्टिंग पंपाने सहा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब द्या. एचडीपीई आधी थोडा ताणतो, म्हणून काटा उतरतो; पुन्हा दाब भरा आणि मग काटा उतरतो का ते तासभर पाहा.

राहिला भंगाराचा सल्ला. जुन्या बंगल्यांत आणि वाड्यांत घराची अर्थिंग तार बऱ्याचदा याच लोखंडी पाइपाला बांधलेली असते. पाइप प्लास्टिकचा झाला की अर्थिंग गेलं, आणि गीझरला करंट आल्याशिवाय कुणाला कळत नाही. त्यामुळे पाइप कापण्याआधी वायरमनला बोलावून वेगळा अर्थिंग खड्डा करून घ्या, तार तिकडे जोडा, अर्थिंग मोजून घ्या, मगच करवत लावा.