जपानच्या टॅक्सीत टिप? नका देऊ, पण कारण वेगळं आहे

जपानला निघालेल्या माणसाला कुणीतरी हमखास बजावतं, "टिप देऊ नका हं, त्यांना अपमान वाटतो." देऊ नका हे बरोबर. अपमानाचं मात्र उगाच रंगवून सांगतात. चालकाची होते ती पंचाईत. मीटरवर 2,900 येन झाले आणि तुम्ही हजाराच्या तीन नोटा पैसे ठेवायच्या ट्रेमध्ये ठेवून उतरलात, तर तो शंभरचं नाणं घेऊन मागे येईल. त्याच्या लेखी तुम्ही पैसे विसरलात.

'तिथे पगार भरपूर, म्हणून टिप नको' हेही पटत नाही. बहुतेक टॅक्सीचालकांची कमाई भाड्यातल्या हिश्श्यावर चालते. मुद्दा एवढाच की सेवेची किंमत मीटरमध्येच धरलेली आहे. टोकियोच्या 23 वॉर्डांत नोव्हेंबर 2022 मध्ये ठरलेला दर असा: पहिल्या 1.096 किलोमीटरला 500 येन, पुढे दर 255 मीटरला 100. बॅगा डिकीत ठेवणं त्यातच आलं. मागचं डावं दारही चालकच आपल्या सीटवरून उघडतो-लावतो. (ते हाताने ओढू नका. आपली सवय जात नाही, माहीत आहे.)

रात्री 10 ते पहाटे 5 वीस टक्के जादा, ॲपवरून बोलावल्यास गाडी न्यायला येण्याचा आकार आणि एक्स्प्रेसवेचा टोल, हे आकडे बघून 'टिप लावली' असं वाटतं. तसं नसतं, ते रीतसर भाडंच.

आता राइडशेअर. अमेरिकेतली उबर डोक्यात ठेवून गेलात तर गोंधळ होणार. जपानमध्ये उबर, गो किंवा डीडी या ॲपवर गाडी बोलावली की बहुधा हिरव्या नंबरप्लेटची परवानाधारक टॅक्सीच येते. एप्रिल 2024 पासून खासगी गाड्यांनाही मुभा मिळाली, पण टॅक्सी कंपन्यांच्या देखरेखीखाली, ठरावीक भागांत, ठरावीक वेळी. या गाड्यांची प्लेट पांढरी. भाडं आधीच ठरतं, पैसे ॲपमधूनच जातात. तिथे रोख पुढे करूच नका. ॲपने टिपचा पर्याय दाखवला तर तो तुमच्या मर्जीचा, सोडून दिलात म्हणून कुणी नाक मुरडत नाही. विमानतळावर मात्र कुणी स्वतःहून हाक मारून पांढऱ्या प्लेटच्या गाडीत बसवत असेल, तर तो धंदा बेकायदा आहे.

तरीही द्यावंसंच वाटलं, तर रोखीच्या टॅक्सीत वरचे शंभर-दोनशे सोडा आणि म्हणा, "ओत्सुरी वा केक्को देस्", म्हणजे सुटे राहू द्या. तो नको म्हणाला तर तिथेच थांबा. पंगतीतला आग्रह इथे चालत नाही, पहिलं 'नको' हेच खरं 'नको'. दिवसभरासाठी गाडी ठरवली असेल आणि चालकाने खरंच जास्त केलं असेल, तर नोट उघडी न देता छोट्या पाकिटात घालून द्या, आपण आहेर देतो तशी.

आणि 10,000 ची नोट घेऊन टॅक्सीत चढू नका. चालकाकडे सुटे नसू शकतात. आधी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे तिथल्या छोट्या किरकोळ दुकानात, पाण्याची बाटली घ्या, नोट तिथेच मोडा.