पळायचं सोडून बाकी सगळं

मॅरेथॉनमध्ये सगळ्यात सोपं काय असेल तर पळणं. हे मी माज म्हणून सांगत नाहीये, माझा हाफचा, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनचा, बेस्ट टाइम २ तास २८ मिनिटं आहे, त्यात माज करण्यासारखं काही नाही. पण पळताना एक पाय उचलून दुसऱ्याच्या पुढे टाकायचा एवढंच काम असतं, मध्येच ओटीपी येत नाही.

आमच्या शहरात जी मोठी मॅरेथॉन होते तिचं नाव सांगत नाही, तसंही टायटल स्पॉन्सर दर दोन वर्षांनी बदलतो त्यामुळे खरं नाव कुणालाच धड आठवत नाही, आमच्या ग्रुपमध्ये तिला नुसतं 'मोठी' म्हणतात. मोठीला नाव टाकलंस का, मोठीची तारीख आली का, असं. घरातल्या थोरल्या जाऊबाईंसारखा दरारा आहे तिचा.

तर मोठीचं रजिस्ट्रेशन उघडलं त्या रात्री मी लॅपटॉप घेऊन बसलो. अर्ली बर्डचा रेट मला पासवर्ड आठवेपर्यंत संपला. मग साधा रेट, १,८०० रुपये. त्यावर कन्व्हिनिअन्स फी (कुणाचा कन्व्हिनिअन्स ते लिहिलेलं नव्हतं), त्यावर जीएसटी, मग मेडलवर नाव कोरून पाहिजे का, फोटोंचं पॅकेज आत्ताच घेतलं तर स्वस्त पडेल, एका झाडासाठी ५० रुपये देणार का, आणि हे झाड आधीच टिक करून ठेवलेलं, ते काढायला गेलं की विचारतात 'तुम्हाला नक्की झाड नको आहे?' रात्री साडेअकराला कुठला माणूस म्हणेल की हो, नको झाड. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं चालू, तुमची जागा ७ मिनिटं राखून ठेवली आहे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात फास्ट टाइम त्या फॉर्मवर लागलाय. एकूण २,४६० रुपये.

आत्या तेव्हा आमच्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. ती फलटणजवळच्या गावची, माउलींच्या पालखीबरोबर बावीस वाऱ्या झाल्यात तिच्या. मला वाटलं आता नेहमीचा डायलॉग येणार, पैसे भरून कोणी पळतं का. त्याची सवय आहे, सोसायटीचा वॉचमनसुद्धा ऐकवतो. पण आत्या म्हणाली, "जेवण किती वेळचं?"

"जेवण नसतं आत्या."

"मग अडीच हजाराचं देत्यात काय?"

आणि तिनं हिशोबच मांडला. दिंडीत पण पैसे भरावे लागतात, त्याला भिशी म्हणतात, पण त्यात आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस, दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा, रात्री तंबू आणि सामानाला ट्रक.

"आम्हाला केळं मिळतं," मी म्हटलं.

"किती?"

"एक."

तिनं उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी लॅपटॉप मिटला.

खरं सांगायचं तर पैसे घ्यायला माझी हरकत नाही. न्यूयॉर्कची मॅरेथॉन १९७० साली पहिल्यांदा झाली तेव्हा फी होती एक डॉलर, नावं आली १२७, सेंट्रल पार्कमध्ये गोल गोल पळून ५५ जण शेवटपर्यंत पोचले, आणि बक्षीस म्हणून साधी मनगटी घड्याळं आणि जुन्या ट्रॉफ्या. आज तिथे ५० हजारांवर लोक पळतात आणि नुसतं नाव लागायला लॉटरी काढतात. मोठा कारभार म्हटला की रस्ते बंद करायचे, पोलीस, अॅम्ब्युलन्स, टायमिंगच्या चिप, सगळ्याला पैसा लागतोच. स्पॉन्सर आणा, त्याचा फुगा उडवा, माझ्या छातीवर, पाठीवर, पाहिजे तर पोटरीवर त्याचं नाव छापा. फक्त पाणी ठेवा हो. एवढं एकच मागणं आहे आणि ह्या लेखात मी त्याच्यावर परत परत येणार आहे, आधीच सांगतो.

मग बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर. बिब कुरियरने येत नाही, ती स्वतः जाऊन आणायची, शुक्रवार किंवा शनिवार, शहराच्या एका टोकाला एक्झिबिशन ग्राउंड आहे तिथे, ओरिजिनल आयडी घेऊन. याला एक्स्पो म्हणतात. बिबचं काउंटर आत शिरल्यावर दोन मिनिटांवर असतं, पण बाहेर पडायचा रस्ता मात्र सगळ्या स्टॉलवरून नेलेला, देवदर्शन झाल्यावर प्रसादाच्या आणि फोटोंच्या दुकानांतून बाहेर काढतात ना तसा. मी चार सेफ्टी पिना आणि एक बिब घ्यायला गेलो आणि मोजे, पट्टा, गूळ घातलेला एनर्जी बार आणि गुडघ्याला लावायची निळी टेप घेऊन आलो. गुडी बॅगमधून निघाली पाच कूपन. त्यातलं एक डोळ्यांच्या दवाखान्याचं, मोतीबिंदूवर सूट. आत्याच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्याच आठवड्यात पूर्ण पैसे भरून झालेलं. (रजिस्ट्रेशन आणि रेस यांच्यात साधारण एका डोळ्याचं अंतर असतं.)

रेसचा दिवस. दिवस कसला, रात्रच. अडीचला उठलो, कारण चारला रस्ते बंद होणार होते. म्हणजे पळणाऱ्यांसाठी रस्ते बंद करतात, त्यामुळे पळणारेच तिथे पोचू शकत नाहीत. रिक्षावाल्यानं दीड किलोमीटर आधी सोडलं आणि म्हणाला, साहेब आता इथून पळत जा, तुम्हाला काय.

आत गेल्यावर होल्डिंग एरिया. स्टेजवर झुम्बा. पहाटे साडेचारला, ज्या तासाला आपल्याकडे भूपाळ्या लावायची पद्धत आहे त्या तासाला, एक मुलगी छप्परफाड आवाजात विचारत होती की हाऊज द जोश. माझा जोश पोर्टेबल टॉयलेटच्या लाइनमध्ये होता. हजारो माणसं आणि बारा डबे, त्यातले दोन व्हीआयपींसाठी कुलूप लावून. चार महिने ट्रेनिंग केलं, रविवारी लाँग रन, मंगळवारी स्पीड, पण खरी स्टॅमिना त्या लाइनमध्ये लागते. माझ्या पुढचा माणूस अनुभवी होता, तो म्हणाला मी काल दुपारपासून जेवलोच नाहीये, हीच माझी स्ट्रॅटेजी. कोचना विचारायला पाहिजे, प्लॅनमध्ये का नाही हे.

आमचा सेक्शन एफ. टायमिंग सर्टिफिकेट मागवून, तपासून, त्यावरून ए पासून एच पर्यंत सेक्शन पाडलेले, बिबवर रंगीत पट्टी, सगळं शास्त्रशुद्ध. प्रत्यक्षात दोरी धरून उभा असलेला मुलगा मोबाईलवर रील बनवत होता आणि लोक दोरीखालून आत. नंतर आत्याला हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना. म्हणाली, माउलींच्या रथापुढं २७ दिंड्या असतात, प्रत्येकीला नंबर, कोण कुणाच्या पुढं जात न्हाई, आणि दोरी धरायला बी कोण लागत न्हाई.

साडेपाचचा फ्लॅग ऑफ सहाला झाला. प्रमुख पाहुणे यायचे होते, ते आले, त्यांनी फिटनेसवर भाषण केलं, भाषण करताना त्यांना धाप लागली. मग सुटलो. आणि सुटलो म्हणजे चाललो, कारण आमच्यापुढे एका कंपनीचे चाळीसेक लोक एकाच रंगाचे टी-शर्ट घालून हातात हात घालून पूर्ण रस्ताभर पसरलेले. त्यांचं फन रन होतं, ते आमच्या नंतर सुटायचं होतं, ते आधी सुटलं. पहिल्या दोन किलोमीटरला मी जेवढं आडवं पळालो तेवढं उभं नाही पळालो.

बरं, थोडं चांगलंही सांगतो. सातव्या किलोमीटरला एक आजी गेटबाहेर खुर्ची टाकून स्टीलच्या ताटात संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन बसलेल्या. ना बॅनर ना कूपन. एका चाळीतली पोरं ढोल वाजवत होती. असल्या ठिकाणी माणूस उगाच फास्ट पळतो.

मग चौदावा किलोमीटर. टेबल होतं, टेबलावर कापड होतं, कापडावर स्पॉन्सरचं नाव होतं, शेजारी भलामोठा फुगा होता. पाणी नव्हतं. व्हॉलंटियर बिचारी कॉलेजची पोरं, टाळ्या वाजवून म्हणत होती, कम ऑन अंकल, नेक्स्ट स्टेशन थ्री किलोमीटर्स. आमच्या पुढच्या लोकांनी दोन दोन बाटल्या उचललेल्या, एक प्यायला आणि एक डोक्यावर ओतायला, आणि निम्म्या पाण्यासकट त्या रस्त्यावर पडलेल्या, त्यांच्यावरून पाय घसरत आम्ही तहानलेले पळतोय. हे पाप आमचंच, आयोजकांचं नाही, कबूल. पण मागून येणाऱ्यांचं पाणी मोजून ठेवायला काय झालं होतं, नावं तर मोजून घेतली होती की.

तेव्हा मला १९०४ची सेंट लुइसची ऑलिम्पिक मॅरेथॉन आठवली. तिथे पाण्याची सोय मुद्दाम नावापुरती ठेवलेली, कारण मुख्य आयोजकाला बघायचं होतं की पाण्यावाचून माणसाच्या शरीराचं काय होतं. ऊन, धूळ, ३२ जण सुटले, १४ पोचले. सगळ्यात आधी पोचला तो फ्रेड लोर्झ, तो मधला बराच रस्ता मोटारीत बसून आला होता, आणि त्याच्या गळ्यात माळ पडायच्या आत बिंग फुटलं. शाळेत असताना मला हा माणूस लबाड वाटला असता. चौदाव्या किलोमीटरला मला तो विचारी वाटला. तेवढ्यात चौकात हवालदारांनी हात करून आम्हाला थांबवलं, गाड्या सोडायच्या होत्या. दीड मिनिट आम्ही जागच्या जागी पळत उभे. समोरून जी रिक्षा गेली ती रिकामी होती, हे लक्षात राहिलंय माझ्या.

फिनिश लाइन आली तेव्हा माझं घड्याळ म्हणत होतं २१.६४ किलोमीटर. हाफ असते २१.०९७५ची. ग्रुपवर या विषयावर दर वर्षी दोन दिवस भांडण होतं. खरं म्हणजे यात आयोजकांची चूक नसते, कोर्स मोजतात तो सायकलने, सगळ्यात जवळच्या रेषेने, आणि कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तच धरतात, आपण मात्र वळणावर बाहेरून जातो, फन रनवाल्यांना वळसे घालतो. तरी स्क्रीनशॉट पडतातच. १९२०ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये आपले बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, २ तास ५० मिनिटांत, एकोणिसावे आले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त जादा. त्यांनी कुठे स्क्रीनशॉट टाकला.

मेडल मिळालं. कोरायचे पैसे भरूनही नाव चुकीचं आलं, आडनाव एका अक्षराने दुसऱ्याच जिल्ह्यात गेलं. केळं मिळालं. कडक होतं, हिरवं, भाजीचं. फोटो दोन दिवसांनी आले, पंधरा, त्यातल्या अकरांमध्ये माझ्या बिबवर कुणाचा तरी हात आणि चारांत मी चालतोय.

राहिली बॅग. बॅगेज काउंटरवर नंबरवार मांडण्या होत्या म्हणे, मी गेलो तेव्हा एकच ढीग होता आणि लोक त्यावर चढून शोधत होते. गर्दीत तीनशे काळ्या बॅगा आणि त्यातली माझी काळी. तास गेला, मिळाली नाही. मोबाईल हातात होता म्हणून वाचलो, चपला मात्र गेल्या. घरी गेलो तर आत्या गॅलरीत बसलेली, आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसणारी.

"सामान कुठाय?"

"हरवलं."

"बावीस वर्षांत आमच्या ट्रकातनं एक पिशवी गेली न्हाई बघ. एकदा बदलली होती, पण ती विहीणबाईंची."

संध्याकाळी मी आयोजकांना मोठा मेल लिहिला, पाणी, सेक्शन, बॅग, केळं सुद्धा. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि खाली पुढच्या वर्षीच्या अर्ली बर्डची लिंक. मी ते चिडून वाचून दाखवलं तर आत्या हसायलाच लागली. म्हणाली, तक्रार अशी करत्यात व्हय? मुक्कामाला समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोळा होतात, लाखो माणसं, टाळ-मृदंग चालू असतात. चोपदार चोप वर करतो आणि एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवणं थांबवतच नाही. मग चोपदाराला तिथं जावं लागतं, काय झालं विचारावं लागतं, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत टाळ वाजतच राहतात.

मी ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. म्हटलं पुढच्या वेळी फ्लॅग ऑफच्या आधी सेक्शन एफने टाळ काढायचे, पाहुण्यांचं भाषण सुरू झालं तरी थांबायचं नाही, पाणी बघितल्याशिवाय सुटायचं नाही. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, टाळ किती ग्रॅमचे असतात, कमरेच्या पट्ट्यात बसतील का. दुसरा म्हणाला, बसतील न बसतील, पण बॅगेज काउंटरला ठेवू नकोस.