झाड पुन्हा उगवेल, पण हिशेब आजचा आहे

“झाड वाढताना हवेतून जेवढा कार्बन डायऑक्साइड घेतं, तेवढाच जळताना परत सोडतं. म्हणजे बेरीज-वजाबाकी शून्य. शिवाय सगळा वाया जाणारा काडीकचराच. तेव्हा कोळसा बंद करा आणि बायोमास, म्हणजे लाकूड, काड, शेण असं सजीवांपासूनचं इंधन, जाळा, प्रश्न मिटला.” थोड्याफार फरकाने हा दावा सगळीकडे फिरत असतो आणि चांगली शिकलेली माणसंही तो विश्वासाने पुढे पाठवतात.

मी बायोमासच्या बाजूचा आहे. शाश्वत विकासात त्याला हक्काची जागा आहे असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हा दावा खटकतो. त्यात शेणापासूनचा गॅस आणि उभं जंगल तोडून केलेल्या पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या इंधनाच्या गोळ्या) एकाच पारड्यात पडतात. एक एक मुद्दा घेऊ.

“जेवढं घेतलं तेवढंच सोडलं.” रसायनशास्त्र बरोबर आहे, घोळ वेळेचा आहे. तोडलेल्या खोडाचा आडवा काप पाहा आणि वलयं मोजा. साठ वलयं भरली, तर गाभ्यातला कार्बन साठ वर्षांपूर्वी हवेतून आलेला आहे. तो ओंडका भट्टीत गेला की साठ वर्षांची शिल्लक तासाभरात धुराड्यातून बाहेर पडते. कोरड्या लाकडात वजनाने निम्मा कार्बन असतो, त्यामुळे एक किलो कोरडं लाकूड पूर्ण जळलं की सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढ्याच उष्णतेसाठी कोळशाशी तुलना केली तर? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००६ च्या मार्गदर्शक आकड्यांनुसार एका गिगाज्यूलमागे (हे उष्णता मोजायचं एकक) लाकडातून ११२ किलो कार्बन डायऑक्साइड, दगडी कोळशातून साधारण ९५ आणि नैसर्गिक वायूतून ५६ किलो. म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी मोजलं तर लाकूड कोळशाच्याही पुढे आहे.

नवं झाड हे कर्ज फेडतं, हे खरं. पण मोठं झाड असेल तर फेडायला कित्येक दशकं लागतात, आणि तापमानवाढीच्या दृष्टीने महत्त्वाची दशकं नेमकी हीच आहेत.

यावर एक उत्तर हमखास येतं: एक झाड तोडलं तरी बाकीचं जंगल वाढतंच की, त्यात भरून निघतं. हे ऐकायला पटतं, पण ती बाकीची झाडं तुम्ही हे एक तोडलं नसतं तरी वाढणारच होती. त्यांची वाढ तुमच्या खात्यावर कशी जमा होईल? जमा धरायची ती फक्त जास्तीची वाढ: पडीक जमिनीवर नव्याने लावलेली झाडं, किंवा जे एरवी कुजूनच गेलं असतं ते. न तोडलेलं झाडही पुढे कार्बन साठवत राहिलं असतं, तो तोटा वेगळाच.

“अधिकृत हिशेबातही बायोमास शून्यच धरतात.” देशांच्या उत्सर्जनाच्या हिशेबात तसं धरतात, पण फक्त ऊर्जेच्या रकान्यात. झाड तुटलं की तो कार्बन जमीन आणि जंगलाच्या रकान्यात खर्ची पडतो. तोच पुन्हा ऊर्जेत धरला तर दोनदा मोजला जाईल, म्हणून तिथे शून्य लिहायचं, इतकाच त्याचा अर्थ. लोक एकच रकाना वाचतात आणि त्यावरून इंधनच निर्दोष ठरवतात. लाकूड एका देशात तुटून दुसऱ्या देशात जळतं तेव्हा तर हे फारच बोचतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमधलं ड्रॅक्स वीजकेंद्र कोळशावरून लाकडी पेलेटवर आलं. पेलेटचा मोठा भाग अमेरिका आणि कॅनडातून येतो. जाळणाऱ्याच्या वहीत शून्य, आणि खर्च समुद्रापलीकडच्या वहीत.

“कचराच तर आहे.” इथे मी अर्धा सहमत आहे. उसाचं चिपाड, भाताचं तूस, लाकूड कापताना पडणारा भुसा हे कारखान्यात आधीच एका जागी गोळा झालेलं असतं. ते तिथल्याच बॉयलरमध्ये वापरणं हा शहाणपणाच आहे. पण शेतातलं काड म्हणजे कचरा नव्हे. पिकाने जमिनीतून उचललेल्या पालाशचा (पोटॅशचा) मोठा भाग काडातच असतो. दरवर्षी सगळं काड उचललं तर मातीतला सेंद्रिय कर्ब घटतो, पाणी धरून ठेवायची ताकद जाते, आणि मग ती भरपाई रासायनिक खताने करावी लागते. तोच पालाश बॉयलरलाही नकोसा असतो: राख कमी तापमानाला वितळते, नळ्यांना चिकटते, आणि तिचे घट्ट झालेले गोळे, म्हणजे क्लिंकर, फोडायला बॉयलर बंद ठेवावा लागतो. किती काड उचलायचं आणि किती मातीला ठेवायचं, हे जमीन पाहूनच ठरवायला हवं.

“लाकडाचा धूर नैसर्गिक, त्याने काही होत नाही.” ओलं लाकूड आगीत सरकवा आणि कापलेल्या टोकाकडे पाहा. फेस येतो, पाणी सूं सूं करत बाहेर पडतं. आधी ते पाणी उकळण्यातच उष्णता जाते, आग थंड राहते, आणि अर्धवट जळलेलं लाकूड काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन खोलीत पसरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लाकूड, शेण, कोळसा, रॉकेल अशा इंधनांमुळे घरात होणाऱ्या प्रदूषणाने २०२० साली सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यातली २ लाख ३७ हजारांहून जास्त पाच वर्षांखालची मुलं होती. या आकड्यापुढे “नैसर्गिक” हा शब्द माझ्याच्याने उच्चारवत नाही. कोरडं इंधन, नीट हवा मिळणारी शेगडी आणि वर जाणारं धुराडं यांनी फार फरक पडतो. स्वच्छ इंधनाने त्याहून जास्त.

“सगळा कोळसा बायोमासने बदलता येईल.” नाही. पीक अंगावर पडलेल्या उन्हापैकी वर्षभरात जेमतेम एक टक्का ऊर्जा साठवतं, आणि तिची वीज करताना त्यातलीही बहुतेक उष्णता निसटते. सौर पॅनल सुमारे वीस टक्के उन्हाची थेट वीज करतं. निव्वळ विजेसाठी अन्नाची किंवा जंगलाची जमीन देणं परवडणारं नाही.

मग बायोमास नेमका कुठे? माझ्या मते पहिला मान गोबरगॅसचा. शेण, भाजीपाल्याचा टाकाऊ भाग, सांडपाण्यातला गाळ हे उघड्या ढिगात किंवा खड्ड्यात, आत हवा न पोहोचता कुजलं की मिथेन वायू सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ऊब धरतो. तोच बंद टाकीत पकडला की निळी, धुराविना ज्योत मिळते. नत्र, स्फुरद, पालाश टाकीतून बाहेर येणाऱ्या स्लरीत जवळजवळ तसेच राहतात आणि शेतात परत जातात. हाच गॅस साठवून ऊन-वारा नसतानाही वापरता येतो.

अट एकच आहे, गळती नको. टाकीतून बाहेर आलेली स्लरीही काही काळ मिथेन सोडत राहते, आणि ती उघड्या हौदात पडून राहिली तर कमावलेल्यातलं बरंच हवेत जातं. म्हणून एखाद्या प्रकल्पात किती युनिट वीज निघते हे विचारण्याआधी मी स्लरीच्या हौदावर झाकण आहे का, ते विचारतो.