काडतुसावरच गाडी अडली का?

१८५७ च्या उठावाच्या कारणांवरचा तुमचा लेख चांगला आहे पण १८५७ म्हटलं की सगळे काडतुसावरच येऊन थांबतात, तुम्हीही तेच केलं. आमच्या नागपूरचं काय? डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, पोटी पोरगा नाही, दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीनं मानला नाही आन् १८५४ ला अख्खं राज्य खालसा. वर वाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले, हत्ती-घोडे तर इथंच मातीमोल भावानं विकले. मालकाच्या तेराव्याआधी घरातली भांडी विकल्यासारखं झालं ना बाप्पा हे! लोकायनं काय डोळे मिटून घेतले असतील?

आता खरं सांगायचं तर १८५७ ला नागपुरात फार काही पेटलं नाही, जूनमधला उठावाचा बेत आधीच फुटला आन् भोसल्यांच्या राणी बांकाबाई तर इंग्रजांच्याच बाजूनं राहिल्या. पेटलं ते खाली चांद्याच्या (आताचं चंद्रपूर) जंगलात, १८५८ ला. मोलमपल्लीचा गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके, त्याच्यासोबत गोंड, माडिया पोरं, म्हणजे साधी जंगलातली माणसं, गादीशी त्याहीचा काय संबंध? ऑक्टोबरात चांद्यात फाशी दिली त्याला. शाळेच्या पुस्तकात आमच्या पोरायला हे कुठं वाचायला मिळते?

अवधचं थोडक्यात उरकलं तेही पटलं नाही. तिथं तर वारसाचा प्रश्नच नव्हता, कारभार वाईट म्हणून १८५६ ला घेतलं, मग तालुकदारांची, म्हणजे तिथल्या मोठ्या जमीनदारांची, गावं काढली, आन् कंपनीच्या फौजेत तिकडचीच पोरं भरलेली. वऱ्हाड तर १८५३ ला निजामाकडून फौजेच्या थकलेल्या खर्चापायी घेतलं, त्यावर एक ओळ तरी टाकायची होती राजेहो.