त्रैराशिक इथे चालत नाही

लेख आवडला, पण व्हॉयेजर या अंतराळयानाच्या परिच्छेदात हिशेब चुकलाय. यानाचं इंधन असलेल्या प्लुटोनियम-२३८ चं अर्धायुष्य (निम्मा भाग क्षय पावायला लागणारा काळ) ८७.७ वर्षं, म्हणून ४४ वर्षांत पाव भाग उष्णता कमी होते, असं तुम्ही लिहिलंय. क्षय म्हणजे उलटं चक्रवाढ व्याज: दरवर्षी शिल्लक असेल त्यातलं सुमारे ०.७९ टक्के जातं. ४४ वर्षांनी उरतं ७१ टक्के, म्हणजे घट २९ टक्क्यांची. इथे सोलापुरात बारावीला शिकवताना निम्मा वर्ग याच जागी घसरायचा, त्यामुळे मनावर घेऊ नका! वीज मात्र याहून जास्त घटते, कारण उष्णतेची वीज करणारी थर्मोकपलंही झिजतात. १९७७ साली सुमारे ४७० वॅट होती, आता निम्म्याहून कमी.

खरी गंमत इंधन बनवतानाच्या हिशेबात आहे, ती तुम्ही दोन ओळींत उरकलीत. नेप्च्युनियम-२३७ अणुभट्टीत ठेवलं की न्यूट्रॉन गिळून नेप्च्युनियम-२३८ होतं. त्याचं अर्धायुष्य जेमतेम २.१ दिवस. बाहेर काढून तीन आठवडे थांबलं की दहा अर्धायुष्यं होतात, हजारातला एक भागही उरत नाही. बाकी सगळं प्लुटोनियम-२३८. पण भट्टीत जास्त राहिलं तर तेही न्यूट्रॉन गिळतं आणि प्लुटोनियम-२३९ होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षं, म्हणजे क्षय इतका सावकाश की उष्णतेच्या कामाला निरुपयोगी. आमच्याकडे आगटीतल्या हुरड्याचं असतं तसंच. लवकर काढला तर कच्चा, उशीर झाला तर करपला.

आणि ‘व्हॉयेजरवर छोटी अणुभट्टी आहे’ हे वाक्य तेवढं काढा. तिथे साखळी अभिक्रिया नाही, नुसतं आपोआप तापणारं इंधन आहे.

– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर