‘पिकअप जितका जवळ, तितका टोन चांगला’ या समजाचा प्रतिवाद

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये पिकअपविषयी, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, त्यांची थरथर टिपणाऱ्या भागाविषयी, एक सल्ला इतक्या वेळा फिरत असतो की नवख्या वादकाला तो नियमच वाटू लागतो. सल्ला असा: ‘पिकअप तारांना टेकणार नाही इतपत वर चढवा, अंतर जितके कमी, तितका आवाज दमदार, सस्टेन (स्वर टिकण्याचा काळ) जास्त आणि घुमघुम (विजेची गुणगुण) कमी.’ चुंबकाच्या ओढीने तारेचे काही बिघडत नाही आणि ही युक्ती प्रत्येक पिकअपला सारखीच लागू पडते, अशी दोन विधानेही त्याला सहसा जोडलेली असतात. यातले काही खरे आहे, पण जे चुकीचे आहे त्यापायी चांगल्या गिटारी विनाकारण दुरुस्तीला जातात, म्हणून हा दावा मुद्द्यागणिक तपासला पाहिजे.

पहिला मुद्दा आवाजाच्या जोराचा. जवळच्या पिकअपमधून सिग्नल मोठा येतो, याविषयी वाद नाही. चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढीच पिकअपची रचना असते. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः चुंबकित होते, ती थरथरली की वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या तत्त्वानुसार त्या वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. तार जवळ असेल तर हा बदल मोठा होतो. मात्र ‘मोठा’ वरून ‘चांगला’वर उडी मारण्याला आधार नाही. दोन आवाज एकापाठोपाठ ऐकवले, तर त्यातला किंचित मोठा आवाज कानाला जवळजवळ नेहमीच अधिक भरदार आणि स्पष्ट वाटतो. पिकअप वर चढवून लगेच ‘टोन सुधारला’ असे म्हणणारा वादक बहुतेक वेळा हाच फरक ऐकत असतो. अ‍ॅम्पचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा, व्हॉल्यूम कमी करून दोन्ही स्थितींमधला आवाज सारखा करावा आणि मग तुलना करावी. पुष्कळदा निकाल उलटा लागतो.

तो उलटा लागण्याचे कारण तारेच्या हालचालीत आहे. चुंबकीय क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने क्षीण होते, त्यामुळे अंतर फार कमी ठेवले तर तार पिकअपकडे झुकते त्या क्षणीचा सिग्नल ती दूर जाते त्या क्षणीच्या सिग्नलपेक्षा बराच मोठा होतो. लहर एका बाजूला फुगते आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर तिच्यात मिसळतात. शिवाय पिकने तार छेडल्याचा पहिला ठोका अ‍ॅम्पच्या पहिल्याच टप्प्यावर आदळतो आणि कॉर्डमधले स्वर एकमेकांत कालवले जातात. ज्याला हा रांगडा, दाट आवाज हवा आहे त्याने तो जरूर घ्यावा. परंतु स्वच्छ आवाजात बोटांचा हळुवारपणा ऐकू यावा असे वाटणाऱ्याला हाच सल्ला त्याच्या हेतूपासून दूर नेतो.

दुसरा मुद्दा चुंबकाच्या ओढीचा, आणि इथे दावा सरळसरळ चुकीचा आहे. माझ्या तीन सिंगल कॉइल (वेढ्यांची एकच गुंडाळी असलेल्या) पिकअपच्या गिटारीवर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेचा बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढचा कोणताही स्वर वाजवला की तो डोलत असे, जणू दोन बेसूर तारा एकत्र वाजत आहेत. ट्यूनरची सुई क्षणभर उजवीकडे, क्षणभर डावीकडे जाई आणि मध्यावर कधीच ठरत नसे. मी तारा बदलल्या, ब्रिजवरचे (मानेच्या विरुद्ध टोकाला तारा टेकतात त्या भागावरचे) सॅडल, म्हणजे तारांचे आधार, मागेपुढे करून इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर नेमका लागणे) जुळवण्यात दोन संध्याकाळी घालवल्या, नेक, म्हणजे गिटारीची मान, वाकला असावा असा निष्कर्षही काढून ठेवला. शेवटी नेक पिकअपच्या (मानेजवळच्या पिकअपच्या) जाड तारेकडच्या बाजूचा स्क्रू दोन फेरे सैल केला, आणि स्वर तिथल्या तिथे स्थिर झाला. तो पिकअप मीच, याच सल्ल्यावर विश्वास ठेवून, वर चढवला होता.

असे का घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. छेडलेली तार एकाच रेषेत हलत नाही. ती वर-खाली आणि आडवी अशा दोन्ही दिशांनी हलते. चुंबकाची ओढ तार जवळ आली की वाढते आणि दूर गेली की घटते, म्हणून वर-खाली हालचालीत तारेला मूळ जागी आणणारा ताण किंचित कमी पडतो आणि त्या दिशेची कंपने थोडी मंदावतात. आडव्या हालचालीवर तितका परिणाम होत नाही. एकाच तारेतून अगदी जवळच्या दोन कंप्रता एकदम निघतात आणि त्यांच्या मिसळण्यातून तो डोल ऐकू येतो. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर प्रकारच्या गिटारींवर ही तक्रार इतकी आढळते की वादकांनी तिला ‘स्ट्रॅटायटिस’ असे आजाराचे नावच देऊन टाकले आहे. जाड तारेत चुंबकाला ओढायला पोलाद अधिक असते, आणि वरच्या फ्रेटवर दाबलेली तार नेक पिकअपच्या आणखी जवळ येते, म्हणून दोष नेमका तिथे सर्वांत ठळक होतो. सॅडल कितीही सरकवले तरी तो जात नाही, कारण तारेची लांबी मुळात चुकलेलीच नसते.

सस्टेनचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. चुंबक तारेला ऊर्जा पुरवत नाही, त्यामुळे पिकअप जवळ नेल्याने स्वर अधिक काळ टिकण्याचे कारणच उरत नाही. उलट पहिला ठोका फुगलेला असल्याने त्यानंतरची उतरण अधिक तीव्र भासते, आणि वर सांगितलेला डोल असेल तर लांबवलेला स्वर मध्येच खचल्यासारखा वाटतो. भरपूर डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटवलेल्या आवाजात) जवळचा पिकअप स्वर लांबवतो असे वाटते खरे, पण ते काम अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल वाढवण्याची मात्रा) करत असतो.

घुमघुम कमी होते, हे मात्र मला मान्य आहे. सिंगल कॉइलमध्ये घरातल्या विजेच्या तारांमधून शिरणारा आवाज पिकअपच्या उंचीवर अवलंबून नसतो. सिग्नल वाढला की त्याच्या तुलनेत तो दबतो. तरीही हा फायदा मर्यादित आहे. बेसूर डोलणाऱ्या तारेच्या मोबदल्यात तो घेणे मला कधीच परवडणारे वाटलेले नाही. घुमघुम मुळातून काढायची असेल तर उलट दिशेने गुंडाळलेल्या दोन कॉइल एकत्र जोडणारा हंबकर आहेच. गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.

हंबकरमुळेच ‘सर्व पिकअपना एकच नियम’ हे विधानही कोसळते. जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलमध्ये तारेखाली दिसणारे सहा दांडे स्वतःच अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात, म्हणजे चुंबकाचे टोक थेट तारेसमोर उभे असते. हंबकरमध्ये चुंबकाची पट्टी तळाशी असते आणि वर येतात ते पोलादी स्क्रू, म्हणून तारेवरची ओढ सौम्य असते. कंपन्यांची मापेही हेच सांगतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तारेच्या खालच्या कडेपासून पोल पीसपर्यंत (तारेखालच्या दांड्यापर्यंत किंवा स्क्रूपर्यंत) मोजले असता, जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी फेंडरने सहाव्या तारेखाली सुमारे २.४ मिमी आणि पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेखाली सुमारे २ मिमी अंतर सुचवले आहे, तर हंबकरसाठी दोन्हीकडे सुमारे १.६ मिमी. गिब्सनची शिफारस नेकला सुमारे २.४ मिमी आणि ब्रिजला सुमारे १.६ मिमी अशी आहे. नेकपाशी तार मोठा झोका घेते आणि ब्रिजपाशी तिला हलायला जागाच नसते, म्हणून दोन्ही पिकअप समान उंचीवर ठेवले तर पिकअप निवडण्याचा स्विच बदलताच ब्रिजचा आवाज बारीक पडतो. वर-खाली होणाऱ्या या मापांचा अर्थ सुरुवात कुठून करायची एवढाच आहे. ती अंतिम मानण्याचा आग्रहही मी धरणार नाही.

माझा क्रम साधा आहे. आधी तारांची उंची आणि नेकचा बाक ठीक करून घेतो, कारण ते नंतर बदलले तर पिकअपचे सगळे माप बदलते. मग सहावी आणि पहिली तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पोलादी मोजपट्टीने अंतर घेतो आणि नेक पिकअप कंपनीच्या मापाहून थोडा खालीच ठेवतो. स्वच्छ आवाजात सहाव्या तारेचे वरचे स्वर लांबवून ऐकतो. डोल जराही जाणवला तर त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा खाली. पूर्ण फेऱ्यात पिकअप साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर सरकतो, म्हणजे पाव फेरा नगण्य नाही. नेक पिकअप ठरला की त्याच्या जोराशी जुळेल असा ब्रिजचा पिकअप वर आणतो, नेकचा पुन्हा हलवत नाही.

याच समजाचे एक उपविधान अधिक घातक आहे: एखादी तार मोठी वाजत असेल तर तिच्याखालचा पोल पीस अंगठ्याने आत दाबावा. स्क्रू असलेल्या हंबकरमध्ये तो स्क्रूड्रायव्हरने फिरवणे योग्यच आहे. पण जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलमध्ये तांब्याची तार थेट चुंबकांभोवतीच गुंडाळलेली असते. चुंबक सरकला की आतला वेढा तुटू शकतो आणि पिकअप कायमचा मुका होतो. अशा पिकअपवर तिसरी तार इतरांपेक्षा मोठी वाजते, कारण तिचा चुंबक मुद्दाम उंच ठेवलेला असतो: १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिसरी तारही वर वेटोळे असलेली, म्हणून आवाजाला मंद असे, आणि आज तिथे साधी तार लावली जाते. तिचा जोर कमी करायचा असेल तर पूर्ण पिकअप थोडा खाली घ्यावा, किंवा समान उंचीच्या चुंबकांचा पिकअप बसवावा.