कॅसेट टॉयलेट गळतंय म्हणून लगेच जेली फासू नका

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच, माझ्याकडे तर तीन जणांनी पाठवला. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, त्यातल्या टॉयलेटबद्दलचा. थोडक्यात असा: "कॅराव्हॅनचं कॅसेट टॉयलेट गळतंय? गळती म्हणजे वरचं रबर सील कोरडं झालेलं असतं, दुसरं काही नसतं. कॅसेट ब्लीचने धुवा, सीलला पेट्रोलियम जेली भरपूर फासा, तरी थांबलं नाही तर कडेने सिलिकॉन सीलंटची रेघ ओढा, प्रवासात बाऊलमध्ये थोडं पाणी ठेवा म्हणजे रबर ओलं राहील, आणि एवढं करूनही गळलं तर कॅसेट संपली, नवीन घ्या."

एकेक मुद्दा घेऊन बोलते, कारण यातले दोन उपाय चांगलं चाललेलं टॉयलेट बिघडवतात आणि एक तर माणसाच्या छातीवर बेततो. माझ्या दादाने हा मेसेज वाचून तसंच्या तसं केलं होतं, म्हणून जरा जास्तच तळमळीने लिहितेय.

आधी रचना डोळ्यासमोर आणा. बाऊल आत जागेवर फिक्स असतो. त्याच्या खाली कॅराव्हॅनच्या बाहेरच्या छोट्या दारातून जी टाकी सरकवतो ती कॅसेट, साधारण १७ ते २० लिटरची. कॅसेटच्या डोक्यावर गोल तोंड असतं, त्यात सरकणारी प्लास्टिकची चकती म्हणजे ब्लेड, आणि ब्लेडला चिकटून बसणारं रबर म्हणजे लिप सील. थेटफर्ड कंपनीचं असो की डोमेटिक कंपनीचं, बारीकसारीक फरक सोडले तर मांडणी हीच. पण कॅसेटला एवढं एकच रबर नसतं हो! रिकामी करायच्या नळीच्या टोपणात एक रबर असतं, ओतताना हवा आत घ्यायला जे व्हेंटचं बटण दाबतो त्याखाली एक असतं, ब्लेडचा अख्खा सांगाडा टाकीत जिथे बसतो तिथे आणखी एक. आणि या सगळ्याशी काही संबंध नसलेली दुसरी बाजू म्हणजे फ्लशचं पाणी, त्याची टाकी, पंप, पाइप, ड्रेनची नळी. इतक्या जागा असताना "गळती म्हणजे वरचं सील" हे कुठून आलं कळत नाही.

म्हणून पहिला मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पाणी कुठलं आहे ते बघितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. बघायला सोपं आहे, कारण बरेच जण कॅसेटमध्ये निळं केमिकल घालतात आणि फ्लशच्या टाकीत गुलाबी. कॅसेटच्या कप्प्यात ओल दिसली की कॅसेट बाहेर काढा, कप्पा कोरडा पुसा, तळाला पांढरे टिशू एकाला एक लावून अंथरा, कॅसेट परत सरकवा आणि नेहमीसारखं वापरा. काही तासांनी टिशू बघा. निळा किंवा हिरवट डाग म्हणजे कॅसेटची बाजू. गुलाबी म्हणजे फ्लशची बाजू, तिथे तुम्ही लिप सील दहा वेळा बदललं तरी काही होणार नाही. अगदी स्वच्छ पाणी असेल तर नळाच्या पाइपाचा जोड बघा, किंवा बाहेरच्या दाराचं रबर बघा, पावसाचं पाणी तिथून आत येतं आणि नाव मात्र टॉयलेटचं होतं.

दादाकडे हेच झालं. त्याने जेली फासली, दोन दिवस बरं वाटलं (फ्लशची टाकी तेव्हा अर्धी रिकामी होती, म्हणून), मग परत ओल. मी गेले तेव्हा सात टिशू अंथरले. पहिले दोन कोरडे, तिसऱ्याच्या कोपऱ्यात नखाएवढा फिकट गुलाबी डाग, चौथा पूर्ण गुलाबी. डागाच्या बरोबर वर बघितलं तर फ्लश टाकी रिकामी करायची जी पारदर्शक नळी असते तिचं बूच तिरकं बसलं होतं आणि त्याच्या कडेवर थेंब लटकत होता. पडला की दुसरा तयार. बूच काढलं, पुसलं, नीट दाबून बसवलं, संपलं. सीलचा काही दोष नव्हता, पण एव्हाना जेलीने ते खराब केलं होतं, त्यावर येतेच.

डाग निळा आला तरी पुढे शोध आहेच. कॅसेट रिकामी करा, खळखळून धुवा, अर्धी स्वच्छ पाण्याने भरा, ब्लेड बंद, टोपण घट्ट, आणि बाहेर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. आधी सरळ, मग या कुशीवर, मग त्या कुशीवर, शेवटी उलटी. प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं थांबा. टोपणापाशी ठिबकलं तर टोपणाचं रबर, बटणापाशी ठिबकलं तर व्हेंटचं, ब्लेडच्या सांगाड्याच्या बाहेरच्या कडेने आलं तर सांगाड्याखालचं, आणि ब्लेडच्या कडेने आलं तरच लिप सील. हातमोजे घाला आणि हे पाणी केमिकल टॉयलेट रिकामं करायच्या जागीच ओता, गवतावर नको.

सीलची खात्री करायची दुसरी पद्धत म्हणजे कॅसेट जागेवर असताना, ब्लेड बंद करून बाऊलमध्ये अर्धा लिटर पाणी ओतायचं आणि तासभर सोडायचं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. लिप सीलला दोन कामं असतात, खाली ब्लेडला धरायचं आणि वर बाऊलच्या तळाला. खालची बाजू गेली तर बाऊलमधलं पाणी कॅसेटमध्ये उतरतं, म्हणजे वास येईल पण बाहेर ओल येणार नाही. वरची बाजू गेली, किंवा कॅसेट पूर्ण आत जाऊन क्लिप लागलीच नसेल, तर पाणी कॅसेटच्या डोक्यावरून कप्प्यात येतं. बऱ्याच वेळा सील ठणठणीत असतं आणि कॅसेटच अर्धा सेंटिमीटर बाहेर राहिलेली असते! क्लिपचा आवाज ऐकल्याशिवाय दार लावू नका.

आणि सील खरंच गळत असलं तरी ते गेलंच असं नाही. कागदाचा एक बारीक चिकटलेला तुकडा किंवा खडा ब्लेड आणि रबराच्या मध्ये अडकला तरी पुरतं. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ फडकं, आणि बोट सीलच्या ओठाच्या, म्हणजे कडेच्या, आतून गोल फिरवायचं, खरखर लागली की तिथे थांबायचं. ब्लेडवर लघवीचा पांढरट पिवळा थर साचतो तोही बघा, तो सँडपेपरसारखा दर वेळी रबर घासत राहतो, त्यामुळे थर तसाच ठेवून नवीन सील लावलं तर तेही काही दिवसांत जातं. थर सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्याने निघतो, मग भरपूर पाण्याने धुवायचं. खरवडायचं नाही, ब्लेडवर ओरखडा गेला की तिथून कायमचं झिरपणार.

आता जेली. मेसेजमधला हा सगळ्यात लोकप्रिय सल्ला आणि सगळ्यात नुकसान करणारा. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून होते, आणि पाण्याच्या कामात वापरली जाणारी बरीच रबरं खनिज तेल शोषून फुगतात, ईपीडीएम नावाचं रबर तर हमखास. पहिले काही दिवस फुगलेलं रबर घट्ट बसतं म्हणून लोकांना वाटतं उपाय लागू पडला, आणि ते तसं मनापासून दुसऱ्यांना सांगतात, खोटं बोलत नाहीत ते. पण पुढे रबर मऊ पडतं, आकार सोडतं. दादाचं सील मी काढून उजेडात धरलं तेव्हा ओठाची कड सरळ राहिलीच नव्हती, झालर असते तशी लाटा लाटांची झाली होती आणि बोटाने दाबलं की परत वर यायला वेळ घेत होती. त्यात जेली चिकट, तिच्यावर कागदाचे तंतू बसतात. डब्ल्यूडी-४० सारखे स्प्रेसुद्धा याच कारणासाठी नकोत. सीलला लावायचं ते सिलिकॉनचं वंगण, टॉयलेट सीलसाठी वेगळं मिळतं, आणि तेही पुसून कोरड्या केलेल्या रबरावर अगदी पातळ. भरपूर फासायची गोष्टच नाहीये ही.

सील ही झिजणारी वस्तू आहे हे मात्र मान्य. वापर बराच असेल तर दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा. खूप मॉडेल्समध्ये ब्लेडचा सांगाडा फिरवून बाहेर निघतो आणि सील हातानेच काढता घालता येतं, पण तुमच्या मॉडेलची पद्धत मॅन्युअलमध्ये बघूनच करा, जोर लावून प्लास्टिकचे दात मोडले तर खर्च वाढतो.

ब्लीचबद्दल मी जरा कडक बोलणार. रबर आणि प्लास्टिक दोन्हीला ते चांगलं नाही ही गोष्ट वेगळी. पण कॅसेटमध्ये लघवी असते, लघवीत अमोनिया तयार होतो, आणि ब्लीच अमोनियाला भेटलं की क्लोरामाइन नावाचे विषारी वायू निघतात. डोळे झोंबतात, घसा धरतो, श्वास लागतो. कॅराव्हॅनचं टॉयलेट म्हणजे एक माणूस जेमतेम मावेल अशी बंद खोली, तिथे वाकून हे करायचं? वर कोणी थर काढायला त्याच वेळी सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर ओतलं तर क्लोरीन वायू निघतो, तो आणखी वाईट. दम्याचा माणूस किंवा लहान मूल आसपास असेल तर विचारायलाच नको. हा एक सल्ला तरी कृपा करून पुढे पाठवू नका.

सिलिकॉन सीलंट. ब्लेड हा हलणारा भाग आहे, त्याच्या कडेने सीलंट भरलं तर एक तर ब्लेड जागेवर चिकटतं आणि ते सरकवायचा दांडा ओढताना मोडतो, नाहीतर पहिल्याच वेळी रेघ फाटते आणि तिचे तुकडे सीलखाली जाऊन बसतात. शिवाय वाळलेल्या सिलिकॉनवर नंतर काहीच नीट चिकटत नाही, त्यामुळे पुढची दुरुस्तीही अवघड करून ठेवता. कॅसेटच्या अंगाला चीर असेल तिथेही सीलंट किंवा घरातला गोंद टिकत नाही, पॉलिथिलीनसारख्या प्लास्टिकला ते धरतच नाहीत, वरून पापुद्रा होतो फक्त.

प्रवासात बाऊलमध्ये पाणी ठेवा म्हणे. नको. गाडी हलली की ते उसळून बाहेर येतं, आणि सील कोरडं पडण्याची भीती एका सहलीपुरती नसतेच. उलट निघायच्या आधी बाऊल रिकामा, ब्लेड बंद, आणि कॅसेट शक्यतो रिकामी करूनच निघायचं. बंद कॅसेट म्हणजे हवाबंद डबा. उन्हाने तापली की आतला दाब वाढतो, घाट चढून वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीला बंद केलेली टाकी १००० मीटर उंचीवर नेली तर बाहेरचा दाब जवळजवळ ११ टक्के कमी झालेला असतो, आतला तेवढाच असतो, आणि तो सगळा जोर कुठे काढणार तर जिथे रबर कमजोर तिथे. भरलेली कॅसेट असेल तर ते पाणी व्हेंटमधून किंवा सीलच्या कडेने वर ढकललं जातं. काही मॉडेल्समध्ये दाब सोडायची सोय असते, तरी मुक्कामाला पोचल्यावर पहिल्यांदा ब्लेड उघडताना झाकण खाली ठेवून हळूच थोडंसं सरकवा, आपला चेहरा वर नको. आणि लाल दिवा लागला नाही म्हणजे कॅसेट भरली नाही, असं धरून चालू नका. आतला तरंगा कागदाने किंवा थराने अडकला तर दिवा लागतच नाही, आणि काठोकाठ भरलेली कॅसेट निरोगी सील असूनही गळते.

रबर जपायचं असेल तर ते हंगामानंतर जपायचं. कॅराव्हॅन महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कॅसेट धुवून वाळवून, सीलला वंगणाचा हात फिरवून, ब्लेड उघडं ठेवायचं. बंद ठेवलं की रबर एकाच जागी दबून तो आकार धरतं किंवा ब्लेडला चिकटतं, मग पहिल्याच ओढीला फाटतं. फ्लशची टाकीही रिकामी करा, थंडीत पाणी गोठलं तर पंप आणि पाइप फुटतात, आणि पुढच्या सहलीला तीच गळती सीलच्या नावावर जाते.

राहिला "नवीन कॅसेट घ्या" हा मुद्दा. टाकीच्या अंगाला खरंच चीर गेली असेल तर हो, तिथे मेसेज बरोबर आहे, नवीन घ्यावी लागेल. पण उलटी करून बघितलेली नसताना नको. टोपणाचं रबर, व्हेंटचं रबर, लिप सील, सांगाडा, बऱ्याच मॉडेल्सचे हे भाग सुटे मिळतात. घेताना मॉडेल नंबर जुळवा, त्याचा स्टिकर बहुतेक वेळा कॅसेट बाहेर काढल्यावर कप्प्याच्या आत दिसतो, मोबाईलने फोटो काढून ठेवा.

आणि दुरुस्ती झाली की दार लगेच लावून टाकू नका. कप्प्याचा तळ अंगठ्याने दाबून बघा, कोपरे विशेषतः. बऱ्याच कॅराव्हॅनची जमीन प्लायवूड आणि मध्ये फोम अशी चिकटवलेली असते, ओल मुरली की थर सुटतात आणि पाय ठेवला की दबतं. दादाच्या कप्प्यात मागच्या कोपऱ्यात अंगठा किंचित आत गेला. दार उघडं ठेवून चार दिवस वाळवलं, नवीन सील बसवलं, परत सात टिशू अंथरले आणि रात्रभर ठेवले. सकाळी सातही कोरडे होते.